बुनथानचा कोंबडा

बर्फाच्या लाद्या उतरवता उतरवता बुनथान गाणं बदलत होता. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. मांडवात पाहुणे जमले होते, नवरानवरीच्या मनगटांना पांढरे दोरे बांधून झाले होते, आणि याच्या दुसऱ्या कडव्याला अजून शेपूट नव्हतं.

"किती वेळा बदलशील?" ढोलवाला साखोन म्हणाला. "गाणं आहे का तान्ह्या पोराचं दुपटं?"

"लामयाई मावशी आलीय?"

"आलीय. पुढच्याच रांगेत आहे. भाजलेली कोंबडी खातेय आणि घड्याळ बघतेय."

बुनथानच्या हातातली लादी निसटली. लामयाईची नाचगाण्यांची मंडळी पावसाळा सरला की ट्रकमधून गावोगावच्या जत्रा करायची. बुनथान गेली कित्येक वर्षं तिच्या मागे लागला होता. शेवटी ती म्हणाली होती, "आवाज आहे तुला. पण माझ्याकडे लोक नाचायला येतात. चान्पेनच्या लग्नात स्वतः रचलेलं गाणं म्हण. माणसं उठून नाचली, तर तुझी वळकटी ट्रकमध्ये टाक. नाही नाचली, तर बर्फ विकत राहा. उन्हाळ्यात त्यातही पुण्य आहे."

बुनथानला गाणं कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी आई त्याला विहारात न्यायची. वर्षातून एकदा तिथे आपली मुलंसुद्धा दान करून बसलेल्या राजपुत्राचं आख्यान दिवसभर चालायचं, एकेक भन्ते एकेक अध्याय गाऊन सांगायचे. बाकीच्या अध्यायांना बुनथान आईच्या मांडीवर झोपायचा. पण थोरले भन्ते रानात मुलांना शोधणाऱ्या आईचा अध्याय गायला लागले की तो टक्क जागा व्हायचा. भन्तेंचा सूर रानातल्या पायवाटेसारखा वळत वळत जायचा, आणि सगळं गाव हात जोडून मुसमुसायचं. ज्याच्या कानावर असं आख्यान पडलं, त्याला वेगळी दीक्षा लागत नाही. अडचण एवढीच, की ती दीक्षा मग सुटतही नाही. पुढे बर्फाची गाडी हाकताना बुनथान गाणी रचू लागला. कोंबड्यांवर, बसगाड्यांवर, रुसलेल्या पोरींवर. शब्द एकदम फक्कड असायचे. फक्त ओळीच्या शेवटी सूर मान खाली घालून विहाराकडे चालू लागायचा.

"शेवटचा स्वर लांबवू नको," साखोन म्हणाला. "भेंडी मोडतात तसा कट्कन मोडायचा."

"मोडतो."

"आणि हात जोडू नको."

"मी कुठे हात जोडतो?"

"आत्ता काय केलंयस?"

बुनथानने खाली बघितलं आणि हात सोडवले.

गाणं होतं बँकॉकच्या शिवणकारखान्यात गेलेल्या मुलीचं आणि तिच्या मागे राहिलेल्या बर्फवाल्याचं. तिला पाठवायला त्याच्याकडे बर्फाशिवाय काही नाही. माइक हातात आला आणि पहिलं कडवं झकास गेलं. लामयाईचा गुडघा हलला. नवरीच्या दोन वहिन्या हात उडवत उठल्याच. मग दुसऱ्या कडव्यात "वितळून जाईल गं" आलं. त्यातला "गं" मोडायचा राहिला.

पुढच्या रांगेतल्या एका बाईने चपला काढल्या. पाय एका बाजूला दुमडून ती खाली बसली आणि हात जोडले. शेजारचीने तिचं बघून तेच केलं. या भागात त्या सुरापुढे कोणी पाय पसरून बसत नाही. तिथे अंग मनाला विचारायला थांबतच नाही. वहिन्या उठल्या तशा बसल्या. नवरीच्या वडिलांनी ओठांपर्यंत नेलेला भाताच्या दारूचा पेला हळूच खुर्चीखाली ठेवला. कुणीतरी पंखा बंद केला. एका म्हाताऱ्याला उदबत्ती सापडेना, त्याने डासांची अगरबत्ती लावली.

"जलद वाजव," बुनथान दातांतल्या दातांत म्हणाला.

साखोनने लय वाढवली. लोकांना वाटलं आख्यान संपत आलं, म्हणून त्यांनी जमिनीला डोकी टेकवली.

डोकी वर आली, तेव्हा नवरदेव थाविन उभा होता. डोळे पुसत त्याने बुनथानच्या हातातून माइक घेतला. "मी कच्चा आहे," तो म्हणाला.

लग्नाआधी काही दिवस भिक्खूचं चीवर घेऊन जो विहारात राहिला नाही, आईला ते पुण्य दिलं नाही, तो इथे कच्चा पुरुष. नवरीच्या आजीने साखरपुड्यापासून हा विषय रोज ताटात वाढला होता.

"मी आईचे पांग फेडले नाहीत," थाविन म्हणाला. "आधी चीवर घेतो. पावसाळाभर विहारात राहतो. संसार मग."

"पावसाळा आत्ताच संपला," नवरी चान्पेन म्हणाली. जरीच्या कपड्यांत तिला उठणं अवघड होतं, तरी ती उठली. "म्हणजे तू पुढच्या पावसाळ्याचं बोलतोयस?"

"पोरगा बरोबर बोलतोय," आजी म्हणाली.

"आजी, तू भात खा."

"आमच्या पोराला कच्चा कोण म्हणालं?" नवऱ्याच्या काकाने बाह्या सरसावल्या.

"तोच म्हणतोय ना. आम्ही फक्त ऐकतोय," नवरीचा मामा म्हणाला. "तरी आम्हाला आधीच शंका होती."

एक खुर्ची वर गेली. मग दुसरी. पपईची कोशिंबीर कुटायचं मुसळ कुणीतरी उखळातून उपसलं. मागच्या बाजूने बर्फाचा एक तुकडा भिरभिरत आला.

चान्पेनने बुनथानची कॉलर धरली. "हे तू लावलंयस. आता तूच निस्तर. नाचाचं काहीतरी म्हण. नाचणारी माणसं भांडत नाहीत."

बुनथानने स्वतः रचलेलं सगळ्यात चावट गाणं काढलं. विधवेचा कोंबडा शेजारणीच्या कुंपणावरून उडी मारतो, त्याचं. साखोनने ढोल असा बडवला की म्हशीसुद्धा उठून नाचाव्यात. कोंबडा उठला, कोंबड्याने पंख फडफडवले, कोंबडा कुंपणावर चढला, आणि तिथून उतरताना बुनथानचा सूर पुन्हा त्याच पायवाटेला लागला.

खुर्च्या हवेत थबकल्या. मग अलगद खाली आल्या. मुसळवाल्याने मुसळ समोर आडवं ठेवून त्याला नमस्कार केला. काका आणि मामा खांद्याला खांदा लावून बसले. काकाला हुंदका आला, मामाने आपला रुमाल दिला.

"त्याची आई आता कुठे कुठे शोधणार गं त्याला," आजी पुटपुटली.

"कुणाची?"

"कोंबड्याची."

तेवढ्या शांततेत चान्पेन थाविनजवळ सरकून बसली. "भाताची कापणी झाली की पंधरा दिवस जा," ती हळू आवाजात म्हणाली. "मी स्वतः तुझं डोकं भादरते, भुवयांसकट. पण आज जेवल्याशिवाय उठलास, तर वस्तरा आत्ताच मागवीन."

थाविनने चिकट भाताचा गोळा तोंडात घातला.

बुनथान माइकची वायर गुंडाळत होता. लामयाई जवळ आली, तरी त्याने मान वर केली नाही. "कुणी नाचलं नाही, मावशी. बघितलं मी. बर्फ हवा असला तर सांगा."

"वळकटी आण."

"कशाला?"

"नाचवणारे माझ्याकडे ढीगभर आहेत. रात्र चढली की स्टेजपुढची पोरं पिऊन एकमेकांची डोकी फोडतात, दर जत्रेत. पोलीस बोलावले, पाण्याचे फवारे मारले, माझ्या नवऱ्याला मधे उभा केला. त्याचे दोन दात गेले. पोरांना खाली बसवणारा माणूस मला आजवर मिळाला नव्हता."

"म्हणजे मी नाचाचं गाणं..."

"नाचाचं नावही काढू नको. भांडण लागलं की तू वर यायचंस आणि कोंबडा सोडायचास."

मंडळीत जागा मिळाली, पण बुनथानला चैन पडेना. ज्याच्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला, तेच नेमकं वगळून सगळं मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला तो विहारात गेला. थोरले भन्ते ओसरीवर बसले होते. काही बायका अंगण झाडत होत्या.

"मंडळीत घेतलं म्हणे तुला."

"घेतलं, भन्ते. पण माझ्या गाण्यावर कुणी नाचत नाही."

"म्हणून दाखव."

"कोंबड्याचं? इथे?"

"कोंबडाही जीवच आहे," भन्ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

बुनथान गाऊ लागला. कोंबडा कुंपणावर चढेपर्यंत बायकांनी झाडू खाली ठेवले होते, आणि तो उतरायला लागला तोवर त्यांचे हात जोडले गेले होते. भन्तेंचा चेहरा तळ्यातल्या पाण्यासारखा स्थिर होता. बुनथानचा धीर खचला. त्याने ओशाळून नजर खाली वळवली.

चीवराच्या कडेखाली भन्तेंच्या पायाचा अंगठा नाचत होता. ठेक्यात, एकही मात्रा न चुकवता, मधेच एक चोरटी गिरकी घेऊन.

बुनथानचा सूर अडखळला. भन्तेंनी डोळे न उघडताच चीवराची कड ओढून अंगठा झाकला.

"थांबलास का?" ते म्हणाले. "पुढचं कडवं घे. जरा जलद."