बिनसहीचा बगळा

दिगंबर सबनीसांनी ठरवलं, आज ती सही करून टाकायची.

श्यामलाताईंच्या पक्ष्यांच्या वहीत प्रत्येक नोंदीखाली साक्षीदाराची सही असे, आणि साक्षीदार एकच : नवरा. (नियम दिगंबररावांचाच. नोंदणी कार्यालयात तीस वर्षं काढलेला माणूस नुसत्या बायकोच्या शब्दावर कसा विसंबणार?) शेवटची नोंद मात्र बिनसहीची राहिली. राखी बगळा, खडकवासला. त्या दिवशी साक्षीदार गाडीत झोपला होता. "पुढच्या रविवारी बघतो," म्हणाला होता. पुढच्या रविवारी श्यामलाताई दवाखान्यात होत्या. त्या गेल्यालाही आता आठ महिने झाले.

न पाहता सही करणं दिगंबररावांच्या हातून होईना. म्हणून सकाळी सातला ते धरणाच्या काठावर, गळ्यात दुर्बीण अडकवून हजर. वहीत लिहिलं होतं : 'उंच. राखाडी. मान खांद्यांत. तासभर जागचा हलत नाही.'

समोरच्या चिखलात अगदी तसाच उभा होता. जरा धूसर होता. (दुर्बीण श्यामलाताईंची. फोकस कसा जुळवायचा, ते विचारायचं राहून गेलं होतं.) तासभर तो हलला नाही. हेही हलले नाहीत.

इतका वेळ पलीकडे मासे धरणारे भीमराव जाळं घेऊन शेजारी आले. "काय बघताय एवढं?"

"हळू बोला. राखी बगळा आहे."

"आवो, ती माझी बंडी हाय. काठीवर वाळत घातलीया."

"मग तासभर सांगितलं का नाहीत?"

"म्हनलं, पुन्याची मानसं. आवडली आसंल."

दिगंबररावांनी दुर्बीण खाली घेतली. "आणि बगळा?"

"त्यो काय, तुमच्या डाव्या अंगाला. मघाधरनं तुमालाच बघतोय."

दहा पावलांवर, उथळ पाण्यात. काळी शेंडी, पिवळी चोच, मान खांद्यांत. दोघांनी एकमेकांना नीट पाहून घेतलं. मग बगळ्यानं सावकाश पंख उघडले आणि तो पाण्यावरून निघून गेला. दिगंबरराव बराच वेळ तिकडे बघत राहिले. आता दुर्बिणीशिवायही सगळं धूसरच होतं.

पानावर सहीपुरती जागा उरली नव्हती. आठ महिन्यांत न उलटलेलं ते पान त्यांनी उलटलं. मागे श्यामलाताईंचं अक्षर होतं :

'असाच एक घरीही आहे. फरक एवढाच, बगळा जागा असतो.'

दिगंबररावांनी तारीख घातली आणि खाली सही केली.