खडीसाखर विरघळेपर्यंत

आमच्या समोरच्या दारातले सावंतकाका कुणाचंही वाक्य पुरं होऊ देत नाहीत. एकदा मी जिने चढत धावत आले. "काका, तुमची स्कूटर—"

"विकायची नाही!"

"अहो, विकायची नाही, उचलून—"

"उचलून ठेवू कुठे? जागा आहे?"

तोवर टोइंगवाले स्कूटर घेऊन कांदिवली स्टेशनपर्यंत पोचलेही!

परक्यांचं हे, मग काकींचं काय सांगू? "मी म्हणते—" एवढंच काकींचं वाक्य. पुढचं सगळं काका बोलणार.

असा माणूस रिटायर झाल्यावर मास्तर व्हायला निघाला. इंग्रजी झकास, जन्म गेला औषध कंपनीत पत्रव्यवहार करण्यात. अंधेरीला एका संस्थेत, परभाषिकांना इंग्रजी कसं शिकवायचं, त्याचा कोर्स लावला. शेवटी खराखुरा वर्ग घ्यायचा होता. समोर एक तमिळ आजी, दोन बिहारी ड्रायव्हर, एक गुजराती सूनबाई आणि मागच्या बाकावर परीक्षक मॅडम. काका साफ आपटले. मॅडम म्हणाल्या, "सर, प्रश्नही तुमचा आणि उत्तरही तुमचंच. विद्यार्थ्यांनी बोलायचं कधी?" आता एकच संधी उरली होती. ती गेली की सर्टिफिकेट गेलं.

"वाट लागली गो बाय," काका मला म्हणाले. "ह्या तोंडाक कुलूप खयचा लावू?"

कुलूप त्यांनीच शोधलं. प्रश्न विचारायचा आणि खडीसाखरेचा खडा तोंडात टाकायचा. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चावायचा तर नाहीच नाही.

मग काय, बिल्डिंगचे हाल! वॉचमनला गाठून विचारलं, "हू कुक्स फॉर यू?" आणि गाल फुगवून उभे. तो बिचारा टरकला. वाटलं, कुणी तक्रार केली. पण काका हलेचनात. शेवटी तो हळूच म्हणाला, "आय कुक. मदर कुक बेटर." मग गावाकडच्या आईबद्दल मोडकंतोडकं बोलतच राहिला.

दुसऱ्या वेळी काका पास झाले, हे आधीच सांगून टाकते. पण मला आठवते ती आदली संध्याकाळ. मी काकींचा डबा परत करायला गेले होते. दार उघडंच होतं. काकी मेथी निवडत होत्या. उद्याचा धडा प्रवासाचा, म्हणून काका सराव करत होते, तोही मालवणीत.

"तुका खय जावचा आसा?"

खडा तोंडात.

काकी सवयीप्रमाणे थांबल्या. आता उत्तर तेच देतील. काका गप्प.

"आता खय जातलंय?" काकी म्हणाल्या. काकांच्या गालात खडा तसाच. मग आईच्या आठवणीने मान खाली घालूनच बोलल्या, "आवस गेली तेव्हा जावचा होता."

काकांचा हात उठला, तोंड उघडलं. आता 'तेव्हा रस्ते बंद होते, रजा नव्हती' हे सगळं सुरू होणार, असं मला वाटलं. त्यांनी डबीतून दुसरा खडा काढून तोंडात टाकला.

"तुमी म्हटलात, आता जावन काय उपेग. माका तिचा तोंड बघूचा होता. ता सांगूकच गावला नाय."

मी उंबऱ्यावरच थांबले. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. खडा कधीच विरघळला असणार.

काकी बोलायच्या थांबल्या. काकांनी अर्धी जुडी आपल्याकडे ओढली, एक काडी निवडली आणि हळूच म्हणाले,

"मगे?"