मला डमी म्हणालं कोण?

मी एकदा ठरवलं की करतेच! आधीच सांगून ठेवलेलं बरं.

झालं काय, आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक बोर्ड मांडायचा होता. कापड विणायच्या लूमवरचा धागा तुटला की लाल दिवा लावणारा! त्यातल्या व्होल्टेज रेग्युलेटरचा, म्हणजे धाग्यावर लक्ष ठेवणाऱ्या सेन्सरला मापात वीज देणाऱ्या चिपचा ड्रायव्हर, तिला चालवणारा प्रोग्रॅम, लिनक्स सिस्टिमच्या जुन्या गाभ्यासाठी, कर्नलसाठी लिहिलेला. अमित सरांना तो नव्या कर्नलवर चालवायचा होता. जो चालवेल, तो स्टेजवर बोलणार!

सरांनी सरळ बोर्ड चैतालीच्या हातात दिला.

चैताली! माझी मावसबहीण. गणितात चैताली, गरब्यात चैताली, आमच्या आईच्या तोंडीसुद्धा चैतालीच! माझ्या पोटात अशी आग पडली, की वर्गापुरता ढोकळा वाफवून निघाला असता.

"सर, मी करते! सोमवारी आणते!"

चैतालीने बोर्ड मला दिला. "अडलं तर विचार हं, वृषा."

विचारतेय माझी चप्पल!

पण नवा कर्नल म्हणजे सोसायटीचा नवा वॉचमन! जुन्या ओळखी चालतच नाहीत. एका फंक्शनला दोन गोष्टी दिल्या, तर म्हणे एकच दे. दुसऱ्याने काही परत केलं, तर म्हणे परत काही करायचंच नाही! चुकांची रांग आमच्या पर्वत पाटिया चौकातल्या ट्रॅफिकएवढी. पण मी हटले नाही. शेवटी एकही चूक उरली नाही, बोर्ड सुरू झाला आणि मी नाचत धागा तोडला.

दिवा ढिम्म!

स्क्रीनवर एक ओळ मात्र चमकत होती: 'यूझिंग डमी रेग्युलेटर'.

"पप्पा, डमी म्हणजे?"

पप्पा साडीच्या दुकानात सेल्समन. "आमच्या दारात उभी असते ना, ती! साडी भारीतली, डोकं पोकळ."

अस्सं! बोर्ड माझ्याआधी कुणाच्या हातात होता? मी तडक वर्गाच्या ग्रुपवर टाकलं: 'चैतालीने बोर्डात मला डमी लिहून ठेवलंय!!!'

वर्गातल्या हितेशने लिहिलं, "शुं वात छे!" म्हणजे, काय सांगतेस! कुणीतरी साडीतल्या पुतळ्याला माझा चेहरा चिकटवला. मावशीने आईला फोन केला, आईने तो कापला, आणि दोन घरांमधली वाटी-डब्यांची ये-जा बंद!

सोमवारी सरांपुढे मी गरजले, "सर, हिने मला डमी म्हटलं!"

"मी? कधी गं?" चैतालीचे डोळे पुरीएवढे.

सरांनी ओळ वाचली आणि ते खुर्चीत हसून हसून आडवे झाले. "अगं बेन, हे कर्नलने लिहिलंय! खरा रेग्युलेटर सापडला नाही की तो नावापुरता डमी धरतो आणि पुढे जातो. सेन्सरने वीज कुणाकडून घ्यायची, ती ओळच तू लिहिली नाहीस!"

चैतालीने वाकून एक ओळ टाकली. बोर्ड पुन्हा सुरू केला, धागा तोडला. लाल दिवा!

मी जमिनीत शिरायला फट शोधत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "बाकी सगळं वृषानेच केलंय, सर. स्टेजवर तिलाच बोलू दे."

प्रदर्शनाच्या दिवशी मी बोलले. झक्कास बोलले! टाळ्याही पडल्या. घरी आले, तर आई मावशीशी फोनवर, आवाज अगदी तुपातला: "बोलली गं आमची. पण तुझ्या चैतालीचं मन केवढं मोठं!"

घ्या! म्हणजे आता मोठ्या मनातही तीच पहिली!