मोरमुखी शिंगाची आणि ऐवळ्यांच्या दमाची हकीकत

श्री चौकातल्या मारुतीचे पायी मस्तक ठेवून, चहाचा एक घोट पोटात घालून, लिहिणार लिहितो ऐसाजे: शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमीस, आमचे गाव हेच राज्य, त्या राज्याचे पिठाचे गिरणीपुढे दोन शेजारी पैजेस पडले. एक दत्तोबा खटावकर, वस्तुसंग्रहालयाचे किल्लीधारी, म्हणजे दोन खोल्या, चार कपाटे आणि एक बंद पंखा यांचे धनी. दुसरे जालिंदर ऐवळे, बँडवाले, वरातीपुढे तुतारी फुंकणारे. आणि कारण एक शिंग.

शिंग म्हशीचे, हातभर लांब. रुंद तोंडास लाकडी झाकण, त्यावर पितळी मोर, आणि निमुळत्या टोकाशी आखूड नळी व पितळी खटका. दत्तोबांनी त्यास 'रणशिंग' अशी चिठ्ठी डकविली होती आणि सांगत की खरा वीर फुंकील तेव्हा मोर बोलेल. मग दरसाल वर्धापनदिनी प्रमुख पाहुण्यांनी खटका दाबून फुंकावे, मोराने मौन पाळावे, पाहुण्यांचे ओठांस काळी भुकटी लागावी आणि दत्तोबांनी तीच बोटाने टिपून वीरभस्म म्हणून त्यांचे कपाळी लावावी, ऐसा रिवाज पडला. आमदार फुंकून गेले, तहसीलदार फुंकून गेले, कोणास दोष लागला नाही. परंतु तीस वर्षांमागे जालिंदराचे वडील धोंडीबा, ज्यांची तुतारी तीन गावे ऐकत, त्यांनी डोळे पांढरे होईतो फुंकले आणि मोर गप्प. तेव्हा लोक हसले, की तुतारीवाल्यालाच जमेना, फुसका निघाला. धोंडीबांनी तुतारी खुंटीस टांगली ती मरेतो उतरविली नाही, आणि घरास 'फुसके' हे नाव चिकटले. सुपारी देणारेही विचारीत, फुसक्यांचा बँड त्या तारखेला मोकळा आहे काय.

तर गिरणीपुढे जालिंदर म्हणाले, ते वाजवायचे शिंगच नव्हे. दत्तोबा म्हणाले, मग काय त्यात दही विरजायचे. आणि पैज ठरली. आठ दिवसांत ते शिंग कशाचे हे सिद्ध न झाल्यास जालिंदराने बँडचे पाटीवर स्वहस्ते 'फुसके ब्रास बँड' रंगवावे, आणि झाल्यास दत्तोबांनी बाजाराचे दिवशी वेशीपासून मारुतीपर्यंत तोंडाने तुतारी वाजवीत जावे. गिरणीवाले साक्षीस राहिले, हाताचे पीठही न झटकता.

मग जालिंदर सहा दिवस कपाटापुढे उभे राहिले. लोकांनी विचारले, दर्शन झाले का, तरी हलले नाहीत. आणि सातवे दिवशी त्यांस आठवले की वडील त्या दिवशी घरी येऊन चुळा भरताना बोलले होते, काय खारट शिंग आहे रे. मग जालिंदरांनी दत्तोबांकडे एकदा फुंकण्याची परवानगी मागितली. दत्तोबांनी हसत कपाट उघडले आणि म्हणाले, "फुंका की, तुमच्या घराण्याची रीतच आहे ती." जालिंदरांनी फुंकले. मोर गप्प, ओठ काळे, आणि जिभेस चव खारट, मागून थंडगार. मग ते ओठ मिटून जे निघाले ते वाटेत कोणाचे रामरामासही उत्तर न देता थेट हमीदाबींचे दारी पोचले, ज्या जत्रेची शोभेची दारू चाळीस वर्षे कुटीत आल्या.

हमीदाबी म्हणाल्या, "तोंड मिटून आलास, दाढ काढलीस का?" मग त्यांनी जालिंदरांचे ओठांवरची भुकटी बोटावर घेतली, हुंगली, चाखली, थुंकली. "बाबा, ही तर आमची भाकरी. सोरा, गंधक, कोळसा. विडी पेटवू नकोस, मिशी जाईल."

दोघे संग्रहालयी आले. हमीदाबींनी खटका दाबून दाखविले, की टोक बोटाने बंद करून शिंग उलटे करावे, मग टोकाचे नळीत बंदुकीचे एका बारापुरतीच बारूद उतरते. दत्तोबा तरीही अडून राहिले, की बारूदेच्या शिंगास साधे बूच असते, मोर कशाला? तेव्हा हमीदाबींनी मोराची मान पिळली, आणि ती गरगर फिरून निघाली, आणि पोटात निघाली मैद्यासारखी बारीक काळी पूड. "ही रंजक. जाडी दारू नळीत, आणि ही बारीक बंदुकीच्या कानावर, ठिणगी धरायला. एका शिंगात दोन्ही ठेवणारा कारागीर मी बापजन्मात पाहिला नाही." मग चिमूटभर पूड अंगणाचे फरशीवर ठेवून उदबत्ती लाविली, आणि भस्सकन जाळ झाला, आणि पांढरा धूर निवळेतो दत्तोबा रस्त्यापलीकडे होते, चप्पल अलीकडे.

मग बाजाराचे दिवशी दत्तोबा वेशीतून निघाले, गाल फुगवून, तोंडाने तूऽऽ तूऽऽ करीत. भाजीवाल्या तराजू टाकून पाहू लागल्या. भांड्यांचे दुकानापाशी त्यांचा दम संपला, नुसती हवा निघू लागली, आणि बाजार एकमुखाने ओरडला, फुसके, फुसके. तेव्हा जालिंदर हात वर करून पुढे आले.

"हे नाव आता कुणाला म्हणजे कुणाला लावायचं नाही," ते म्हणाले.

दत्तोबांनी धाप सावरली, टोपी काढली आणि सर्वांदेखत म्हणाले, "धोंडीबा ऐवळ्यांचा दम खरा होता. शिंग बंद होतं. चिठ्ठी मी लिहिली होती." मग टोपी घालून उरलेला रस्ता, रडतखडत का होईना, मारुतीपर्यंत तोंडाने वाजविला.

येणेप्रमाणे शिंगाचा निवाडा जाहला. चिठ्ठी बदलली, 'बारूदेचे शिंग, दुहेरी' ऐसे लागले, आणि ज्या ज्या कपाळी वीरभस्म लागले होते ती सर्व कपाळे आजवर पेटली नाहीत, ही त्या राज्यावर मारुतीची कृपा. इति.