सोमवारी चलन वाटप

आमच्या पाड्यात सरकारी कागद आला की तो गीताबाईनंच वाचायचा, हे गेली सहा वर्षं ठरलेलं आहे. गीताबाई म्हणजे मी. पोरं शिकलेली आहेत, नाहीत असं नाही. पण ती सकाळी वाशिंदला कंपनीत जातात, दिवेलागणीला येतात, आणि आल्यावर मोबाईलपलीकडचं अक्षर त्यांना दिसत नाही. मी त्रेसष्टाव्या वर्षी विहारातल्या बायकांच्या वर्गात बसून वाचायला शिकले. उशिरा शिकलेलं माणूस अक्षर गिळत नाही. काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येक ठिकाणी मी थांबते, किन्हवलीच्या एसटीसारखी. वेळ लागतो, पण एकही थांबा सुटत नाही.

हे मी सगळ्यांना सांगत असे. आता सांगत नाही.

मे महिना संपत आला होता. पालापाचोळा जाळून राब भाजून झाले होते; भाताची रोपं जिथं टाकायची ती जमीन काळी होऊन वाट बघत होती. बियाणं मात्र कोणाकडं धड नव्हतं. गेल्या साली ऐन कापणीत भात भिजला आणि घरात राखून ठेवलेलं बी उगवेना. मी तीनदा ओल्या फडक्यात बांधून पाहिलं. शंभर दाण्यांतले अकरा उगवले. अकरा दाण्यांवर वर्ष कसं काढायचं, या विचारात सगळा पाडा होता.

अशात रविवारी दुपारी पंचायतीचा शिपाई आला, समाजमंदिराच्या भिंतीला एक कागद चिकटवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. तो चार शब्द बोलला असता तर माझे गुडघे आज बरे असते.

माणसं जमली. पुढं देवराम. हा माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण त्याच्याकडं लूना आहे, म्हणून तो स्वतःला तरुण समजतो. त्या लूनाला कागद नाहीत, दिवा नाही, ब्रेकही मनात आलं तर लागतो. त्याच्या बाजूला माझी शेजारीण सोमी.

"वाच गो," सोमी म्हणाली.

मी चष्मा चढवला, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. "सो...म...वारी. सकाळी..."

"दहा वाजता असंल," देवराम म्हणाला.

"मधे बोलू नको. द...हा. वाजता."

"मंग मी काय बोललो?"

"डि...जि...टल. च...ल...न. वा...ट...प."

चलन हा शब्द आमच्याकडं नवा नाही. महिन्यापूर्वी माझा मुलगा प्रशांत हेल्मेट न घालता हायवेवर गेला होता. घरी पोचायच्या आत त्याच्या मोबाईलवर त्याचाच फोटो आला, उघड्या डोक्याचा, आणि खाली दंडाचा आकडा. ते डिजिटल चलन. कोणी अडवलं नाही, कोणी शिट्टी मारली नाही. खांबावरच्या कॅमेऱ्यानं बघितलं आणि संपलं. तेव्हापासून आमच्या पाड्यात चलन म्हणजे दंड. दुसरा अर्थ आम्हाला कधी लागलाच नव्हता.

"वाटप?" देवरामनं विचारलं. "नीट बघ."

"वाटपच लिवलंय."

"म्हंजे आता घरी येऊन देणार? खांब कमी पडले का त्यांना?"

"मी तर कधी गाडी चालवली नाय," सोमी म्हणाली.

"मागं तर बसतेस. नि तुझ्या मागं तुझी सून बसते. तिघांचा फोटो निघंल, लग्नातल्यासारखा."

मी दुसऱ्या ओळीवर गेले. "प्रत्ये...काने. आधार... कार्ड. व. मो...बा...ईल..."

"आधार पण नेणार," मागून कोणीतरी म्हणालं, आणि चपलांचा आवाज झाला. मी मान वर केली तेव्हा समाजमंदिरासमोर एक कुत्रं उरलं होतं. मी अजून दुसऱ्याच ओळीत होते. खाली आणखी दोन ओळी होत्या.

आता खरं सांगायचं तर मीही त्या वाचल्या नाहीत. ऐकणारं कोणी नसलं की वाचायला गोडी राहत नाही, आणि प्रशांतची मोटारसायकल दारातच उभी होती. मी तशीच घरी गेले.

"गाडी पेंढ्यात घाल," मी प्रशांतला सांगितलं. "उद्या वाशिंदला चालत नाय तर एसटीनं जा. नि फोन बंद ठेव. फोनवरनं त्यांना समजतं माणूस कुठंय ते."

"आय, नीट वाचलंस ना तू?"

"सहा वर्षं वाचतेय."

त्यानं गाडी पेंढ्यात घातली. आईच्या अक्षराचा मान ठेवला बिचाऱ्यानं. ठेवला नसता तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी आमच्या पाड्यात एकही चाक दिसत नव्हतं. मोटारसायकली पेंढ्याखाली गेल्या होत्या. सायकलींनाही कोणी विश्वासानं उभं ठेवलं नव्हतं. एकानं तर हातगाडी उलटी घालून तिच्यावर वाळवण पसरलं होतं. देवरामनं पहाटेच लूना ढकलत टेकडीवर नेली आणि करवंदाच्या जाळीत तिच्यासकट बसला. प्रशांतला सांगितलेलं मी पाडाभर सांगितलं होतं, म्हणून मोबाईल सगळ्यांचे बंद. माणसं शेताकडं, ओढ्याकडं, जिकडं पाय नेतील तिकडं. मागं राहिले मी, माझ्या नावावर चाक नव्हतं म्हणून, आणि सोमी, तिच्या कोंबड्या होत्या म्हणून.

दहाला पांढरी गाडी आली. त्यातून एक तरुण बाई उतरली, गळ्यात बँकेचं ओळखपत्र, हातात पाटीएवढा फोन. ओळखपत्रावर नाव होतं दामिनी. ते मी सावकाश वाचलं. तिनं समाजमंदिराकडं पाहिलं, कुत्र्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आजी, गावातली माणसं कुठंयत?"

"कामाला गेली."

"सगळी?"

"कामाची लय आवड आहे आमच्याकडं."

"अहो, पण आज वाटप आहे ना. कागद वाचला नाही का कोणी?"

"वाचला," मी म्हटलं. "म्हणून तर गेली."

तिला काही कळेना. तिनं मला भिंतीजवळ नेलं आणि कागद भराभर वाचून दाखवला, एकाही थांब्याला न थांबता. तिसऱ्या ओळीत भात-बियाण्यासाठी सरकारी मदत होती. चौथ्या ओळीत लिहिलं होतं की ही मदत डिजिटल रुपयाच्या रूपानं मोबाईलमध्ये मिळेल.

"मग चलन?"

"चलन म्हणजे पैसा, आजी. नाणी, नोटा. बँकेत आम्ही चलनच म्हणतो."

माझ्या वर्गातल्या पुस्तकात कमळ होतं, बदक होतं, घार होती. चलन नव्हतं. मी समाजमंदिराच्या पायरीवर बसले.

"दोन वाजता नोंदणी बंद होते," दामिनीबाई म्हणाली. "आणि निदान पंचवीस माणसं पाहिजेत. नाहीतर या पाड्याची मदत पुढच्या गावाला जाईल. प्रत्येकानं स्वतः यायचं, मोबाईल घेऊन. फोन करून बोलवा ना."

"फोन बंद आहेत."

"सगळ्यांचे?"

"मीच सांगितलं होतं," असं म्हणायला मला फार जड गेलं.

काळा झालेला राब माझ्या डोळ्यांपुढं आला. पंचवीस-तीस घरांचं वर्ष मी दोन शब्दांत घालवलं होतं. मी भिंतीवरचा कागद सोलून काढला, सोमीला ओढ्याकडं पाठवलं आणि टेकडीला लागले. देवराम खाली आला की बाकीचे येतील, एवढं मला माहीत होतं. भिणारी माणसं एकमेकांकडं बघून भितात आणि एकमेकांकडं बघूनच परत येतात.

टेकडी तशी लहान आहे. माझ्या वयाला ती दर वर्षी थोडी वाढते.

"देवराम," मी जाळीला हाक मारली.

जाळी बोलली नाही.

"देवराम, हँडल दिसतंय."

"एकटी आलीस का?"

"एकटीच."

"मागं कोण नाय ना?"

"मागं माझे गुडघे आहेत, ते येतायत सावकाश. बाहेर ये. दंड नाय रे तो. पैसे वाटतायत, बियाण्याला."

देवराम जाळीतूनच कळवळून म्हणाला, "गीताबाय, तुला धरलंय का त्यांनी? मान हलव नुसती."

"कोण धरणार मला?"

"तू असली माणूस नाय. सरकार पैसे वाटतंय असं तू कधी बोलली नसतीस. त्यांनीच शिकवून धाडलंय."

माझ्या कालच्या दोन शब्दांवर या माणसानं पहाटे उठून लूना टेकडीवर चढवली होती, आणि आता मी समोर उभी राहून सांगतेय तर तो ऐकेना. मी जाळीत हात घातला, लूनाची किल्ली काढली आणि पदरात बांधली.

"ही कशाला?"

"आता वाचते. शेवटपर्यंत. मधे पळालास तर चालत पळ."

आणि मी वाचलं. उन्हात उभं राहून, बोट ठेवून, चारही ओळी. देवराम करवंदाचे काटे काढत ऐकत होता. "बि...या...णे" आलं तसा तो उभा राहिला.

"हे काल का नाय वाचलंस?"

"तू होतास का तिसऱ्या ओळीला?"

मी पदरातली किल्ली सोडून त्याला दिली. तो लूना घेऊन खाली निघाला, आणि उतारावरनं ओरडत गेला तशी झाडाझाडामागून माणसं उठली. दीड वाजेपर्यंत समाजमंदिरात एकतीस जण झाले. कोणाच्या डोक्यात पेंढा, कोणाच्या कपड्यांना चिखल. एकाचा मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवला होता, त्याच्या बटणात कणी अडकली होती.

दामिनीबाईनं सगळं समजावलं. हा रुपया नोटेसारखाच, पण मोबाईलच्या पाकिटात राहतो. आणि तो फक्त बियाण्यालाच चालतो.

"त्यातनं मीठ आणलं तर?" सोमीनं विचारलं.

"येणार नाही."

"चहापावडर?"

"दुकानदाराकडून घेतलाच जाणार नाही, मावशी. त्या रुपयाला ठरवूनच दिलंय."

"म्हंजे रुपया माझा नि अक्कल सरकारची," देवराम म्हणाला.

"तुमच्या भल्यासाठीच आहे, काका. पैसे दुसरीकडं खर्च होऊ नयेत म्हणून."

"माझी बायको पण हेच बोलायची. ती निदान चहाला सोडायची."

एकेक नाव होत गेलं. मोबाईलवर आकडा यायचा, तो दामिनीबाईला सांगायचा, की झालं. मी सगळ्यांना रांगेत बसवत होते, आकडे वाचून देत होते. हरवलेली इज्जत थोडी थोडी परत येत होती. दोनला दहा मिनिटं असताना मी स्वतः बसले.

"आजी, मोबाईल?"

माझा मोबाईल नाही. माझ्या आधाराला प्रशांतचा नंबर आहे. दामिनीबाईनं आकडा धाडला. आकडा गेला वाशिंदला, प्रशांतच्या खिशातल्या फोनमध्ये. आणि तो फोन बंद होता, कारण त्या पोरानं आईचं ऐकलं होतं.

देवरामनं स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. आतली बाई मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगत राहिली की हा फोन बंद आहे. मी तिला म्हटलं, मला ठाऊक आहे गो. दामिनीबाईनं सात वेळा आकडा धाडला. मग दोन वाजले आणि तिच्या पाटीवरचं पान आपोआप मिटलं.

"पुढच्या फेरीत बघू हं, आजी."

"कधी असते?"

"वरून कळवतील."

वर कोण असतं ते मी विचारलं नाही. थकायला झालं होतं.

एकतीस जणांना मदत मिळाली. मला नाही. कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं. सोमी तिचा मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाली, "अर्धे तू घे." पण तो रुपया तिच्या नावानं बियाण्याला बांधलेला, शेजारणीला द्यायची त्याला परवानगी नव्हती. आम्ही दोघी त्या मोबाईलकडं बघत बसलो. चाळीस वर्षांत तिनं मला आणि मी तिला काय काय दिलं असेल, पण असला अडेलतट्टू पैसा दोघींच्याही हातात कधी आला नव्हता.

मंगळवारी सोमी किन्हवलीला गेली आणि दुपारी बियाण्याची पिशवी घेऊन सरळ माझ्या ओटीवर आली. तिनं पिशवी फोडली, अर्धं बी माझ्या टोपलीत ओतलं, अर्धं स्वतःच्या पदरात घेतलं. दाणे गुलाबी रंगाचे होते.

"अगो, तुला कमी पडंल," मी म्हटलं.

"रुपयाला सांगून ठेवलंय त्यांनी. भाताला काय सांगितलं नाय." रिकामी पिशवी तिनं माझ्याकडं दिली. "लिवलंय बघ काय काय. वाचून ठेव. मी जाते, नवीन बी आहे, मूठभर कोंबड्यांना टाकते पहिलं."

ती गेली. माझे डोळे भरले होते, म्हणून चष्मा पुसला, आणि पुसलाच आहे तर पिशवी वाचायला घेतली. "सदर... बियाणे... वि...षा...री... औ...ष..."

सत्तरीच्या बाईनं पळू नये, पण मी पळाले. एका पायात चप्पल होती. सोमीची मूठ उघडायच्या आत तिचा हात धरला आणि दम लागल्यामुळं पुढचं अर्ध्या तासानं सांगितलं.

कोंबड्या वाचल्या. त्या तीन दिवसांत वेळेवर वाचलेलं तेवढंच.