डॉक्टरकाकांचे चिंचोके

आमच्या शेजारचे डॉक्टरकाका कुणालाही ‘कसे आहात’ म्हणून विचारत नाहीत. खिशातून चार चिंचोके काढून समोरच्याच्या हातावर ठेवतात आणि आपला तळवा पुढे करून म्हणतात, “किती?” जेवढं दुखत असेल तेवढे चिंचोके त्यांना परत द्यायचे. जरासं असेल तर एक, सोसवत नसेल तर चारही. आमच्या हिंदी मुलखातल्या बालाघाटात नवा आलेला माणूस आधी बावचळतो, मग एखादा देऊन सुटका करून घेतो.

काका लहान मुलांचे डॉक्टर. नोकरी बैहरच्या सरकारी दवाखान्यात झाली. लेकराचं दुखणं मोजायचं कसं, याचा त्यांना तिथेच ध्यास लागला. पुस्तकातल्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता त्यांनी तिथे नेला, तर पोरांनी दुखणं विसरून सगळ्यात आवडलेल्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. एकीला त्यात तिचा मामा दिसला. चिंचोके मात्र सगळ्यांच्या ओळखीचे.

तान्ह्या बाळांचे चेहरे काका वाचतात. भुवया किती आक्रसल्या, डोळे किती गच्च मिटले, ते आम्हालाही दाखवतात. बाजारात कुठे बाळ रडलं, की भाजीची पिशवी घेऊन भर रस्त्यात डोळे मिटून उभे. मागून रिक्षावाला ओरडतो, “हटो काका!” काका तंद्रीतच, “थांब रे. भुकेचं हाय. दुखण्याचं नाही.”

पण कुणी ‘लहान आहे, विसरून जाईल’ म्हणालं, की तंद्री खाडकन उतरते. “काहून विसरन? ज्याचं दुखते त्याले इचारा ना!” लसीच्या दिवशी ते अजूनही दवाखान्यात जातात आणि आयांना सांगत फिरतात, “बाई, त्याले दाबून नको धरू. सुई टोचतानी पाजत राह्य.”

एकदा लग्नात पाठवणीच्या वेळी नवरी धाय मोकलून रडत होती. काकांनी तिथेही चिंचोके पुढे केले. हुंदक्यातच तिने एक दिला. एकच! तिची आई अजून काकांशी बोलत नाही.

काकांच्या शास्त्राला सुरुंग लावला तो पोरांनीच. चिंचोका डॉक्टरला दिला की दुखणंही त्याच्याकडे जातं, अशी त्यांची पक्की समजूत. साधं खरचटलं तरी चारही देऊन हसत पळतात. काका मागून ओरडतात, “अरे, माप बिघडते ना!”

पोरं चिंचोके पळवायचीही, पण घरात काकू होत्या. दर उन्हाळ्यात ओसरीवर सूप घेऊन चिंच फोडायच्या. चिंच बरणीत, चिंचोके काकांच्या डब्यात. “दुनिया सोनं मांगते, माहा नवरा चिंचोके मांगते,” म्हणायच्या.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका म्हणाले, “मी ठीक आहो.” यंदा चिंच उतरवली, सुपात आली, आणि तशीच पडून राहिली. डबा रिकामा झाला. खिशात शेवटचे चार उरले. “काका, मी फोडून देऊ का?” मी विचारलं. “राहू दे,” म्हणाले. मला त्यांची काळजी वाटायला लागली.

चैत्रातली दुपार होती. मोहाचा गोड वास सुटला होता, गल्ली अर्धवट झोपेत होती. माझी लेक मिनू अंगणात पडली आणि गुडघा धरून काकांच्या ओसरीवर गेली. मी तिच्या मागे. काकांनी चिंचोके दिले, तिने नीट विचार करून एक परत केला. मग काय वाटलं कोण जाणे, उरलेलेही काकांच्या हातावर ठेवले आणि त्यांच्यासारखाच तळवा पुढे केला.

“आजोबा, आपका कितना?”

काका तिच्याकडे बघत राहिले. मग सुपाकडे. एक चिंचोका तिच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने दुसरा. मग उरलेले दोन्ही एकदम. त्यांच्या भुवया आक्रसल्या, डोळे गच्च मिटले. हा चेहरा वाचायला आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं.

मिनूने मूठ घट्ट मिटली.

“मिनू, परत दे आजोबांना. तेवढेच उरलेत,” मी म्हणाले.

“नहीं दूँगी. वापस दिया तो आजोबा को फिर दुखेगा.”

“राहू दे तिच्यापाशी,” काका डोळे न उघडताच म्हणाले.

“पण काका, तुमचं माप?”

“बिघडू दे,” म्हणाले, आणि त्यांनी काकूंचं सूप जवळ ओढलं.