परदेशी निकाल फिरवणारे खरातकाका

रोज सकाळी सात वाजता, मस्तगडातल्या माझ्या ओट्यावर बसून, खरातकाका कुठल्या तरी परदेशी कोर्टाचा निकाल फिरवतात. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, कोणाचीही गय नाही. तीस वर्षं ते जालन्याच्या कोर्टात स्टेनो होते. न्यायाधीश सांगतील ते मान खाली घालून टाइप केलं. मागल्या वर्षी निवृत्त झाले आणि साठलेला सगळा राग मोबाइलवर येणाऱ्या निकालांवर काढू लागले.

"हे टिकणार न्हाई, वकीलसाहेब. बिलकुल न्हाई!"

मोबाइलवर पाठवलेलं अंगठ्याचं चित्र म्हणजे कराराला संमती, असं कॅनडातल्या एका कोर्टानं ठरवलं, तेव्हा तर त्यांनी चहाला हातही लावला नाही. "माझा साडू राजूरहून रोज सकाळी अंगठा पाठवून राह्यला. मंग काय, माझं घर त्याचं झालं?"

इंग्लंडात वकिलांनी कंप्युटरनं रचलेले खोटे निवाडे कोर्टात दाखवले. "वकिलांना झापलं, बराबर केलं. पण ज्याचा दावा होता त्याचं काय झालं?" त्यावर कुणा प्राध्यापकानं लिहिलेला लांबलचक लेख त्यांनी माझ्या तोंडापुढं धरला. "ह्यात बी न्हाई! एवढं लिवलं, पक्षकार कुठं गेला?"

माझी दाढी अर्धी झालेली, कोर्टाची वेळ होत आलेली. शेवटी एक दिवस मीच भडकलो. "काका, कॅनडाचं राहू द्या! माझ्या कौसाबाईसाठी काही सापडलं तर सांगा!"

कौसाबाई हसनाबादची. पुतण्यानं तिच्या दारापुढं भिंत घातली. तेव्हापासून ही सत्तरीची बाई मागच्या गोठ्यातून वाकून ये-जा करते. वाट मोकळी व्हावी म्हणून तिनं दावा लावला. तारखेला मी दुसऱ्या कोर्टात उलटतपासात अडकलो. शिपायानं तीनदा पुकारा केला. बाई बाहेर बाकावरच बसलेली, पण तिला ऐकू येत नाही. 'वादी गैरहजर' असं लिहून दावा खारीज झाला. तिला एकटीला बसवून गेलो, याचा मला आजही स्वतःचाच संताप येतो. दावा पुन्हा चालवावा म्हणून मी अर्ज केला होता. तो फेटाळला गेला असता, तर ती भिंत तिच्या जन्माला पुरली असती.

हे सगळं ऐकून खरातकाकांनी मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला.

"ते 'वादी गैरहजर' मीच टाइप केल्तं," ते म्हणाले. "पुकाऱ्याच्या आधी, जेवून आत येताना तिला बाकावर पाह्यल्तं. माझं शपथपत्र करा, वकीलसाहेब. जल्दी करा."

तारखेला ते इस्त्रीचा सदरा घालून साक्षीला उभे राहिले. पुतण्याच्या वकिलानं नेमकं तेच विचारलं. "ती बाहेर बसलीय हे माहीत होतं, मग तेव्हाच कोर्टाला का नाही सांगितलं?"

तीन देशांच्या न्यायाधीशांना रोज फैलावर घेणारा हा माणूस खाली बघत राहिला.

"भ्यालो, साहेब. स्टेनोनं मधी बोलायचं नसतं."

अर्ज मंजूर झाला. बाहेर आल्यावर कौसाबाईनं माझा काळा कोट ओढला. "काय म्हनले ते दादा?"

मी तिच्या कानाशी ओरडलो, "त्या दिवशी तुम्ही हजर होता, म्हणाले!"

अख्खा व्हरांडा वळून बघू लागला. कौसाबाई मात्र चिडली. "मंग? मी तं हितंच बसल्ते की!"

खरातकाकांनी तिच्यापुढं हात जोडले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं. तिला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात ते म्हणाले, "व्हय माय. हितंच बसल्ती तू."